एकाच लॉटचा डीबगर

कुलर पुन्हा बंद पडला, तेव्हा नानाजींनी दीप्तीकडे पाहिलं, अपूर्वने दीप्तीकडे पाहिलं आणि अभिजीतनेही मोबाइलमधून मान वर काढून दीप्तीकडेच पाहिलं. बंद पडला होता कुलर, पण तिघांचे चेहरे असे, जणू तिनेच त्याला लाथ मारली होती.

"माझ्याकडे काय पाहून राहिले सगळे?" दीप्ती म्हणाली. "कुलरकडे पाहा ना."

"कुलरकडे काय पाहा लागते?" नानाजी म्हणाले. "कुलर आपण वर्षानुवर्षं बनवून राहिलो वं. बटण दाबलं की चालते, बटण दाबलं की बंद होते. हा तुह्या प्रोग्रामचा पहिला कुलर, अन् हा आपल्या मनानं बंद होऊन राहिला."

लकडगंजातल्या नानाजींच्या 'पुष्पलता कुलर्स'ने या उन्हाळ्यात हुशार कुलर काढायचं ठरवलं होतं. खोली किती तापली आहे, टाकीत पाणी किती उरलं आहे, हे स्वतःच ओळखून पंखा आणि पंप चालवणारा. त्यासाठी आत एक कार्ड होतं, कार्डावर नखाएवढी चिप होती आणि चिपमध्ये दीप्तीने लिहिलेला प्रोग्राम होता. कार्डाचं डिझाइन अपूर्वचं. पंखा मजेत फिरायचा, मग पंप सुरू व्हायचा, आणि कधी लगेच तर कधी जरा दमाने सगळं गप्प होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. अशा कुलरसमोर झोपलेला माणूस हुशार होईल, कुलर नाही.

"हार्डवेअर मी तपासलं आहे," अपूर्व म्हणाला. तो धरमपेठेसारख्या सभ्य वस्तीत राहायचा आणि भांडतानाही आवाज चढवत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडणं फार अवघड जायचं. "प्रॉब्लेम सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"कशावरून?"

"दुसरीकडे कुठे असणार?"

दीप्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने उत्तर द्यायच्या आत नानाजींनी निकाल देऊन टाकला. "हे पाय, शनिवारी नत्थूजी येऊन राहिला. अर्ध्या विदर्भाच्या दुकानाईले थो माल देते. त्याच्यासमोर कुलर चालला तर चालला. नाही चालला, तर तुह्यं कार्ड काढतो, जुना गोल खटका लावतो अन् तू सर्व्हिसच्या फोनवर बस. आवाज चांगला आहे तुहा."

फोनवर बसण्यात दीप्तीला कमीपणा वाटत नव्हता. पण न केलेल्या चुकीसाठी बसायचं? अख्खा हिवाळा तिने त्या प्रोग्रामवर घातला होता. लोकांच्या घरात जाऊन चालणारी, तिच्या हातची ती पहिली वस्तू होती. ती काढून तिथे खटका बसवणार, हे ऐकूनच तिला रडू यायला हवं होतं. तिला राग आला. तिचं नेहमी असंच व्हायचं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चूक माझी असली तर बसते फोनवर. पण चूक कोणाची, थे पहिले पाहू. मले डीबगर पाहिजे."

"थे काय असते?"

डीबगर म्हणजे काडेपेटीएवढा एक डबा. त्याचं एक टोक कॉम्प्युटरला लावायचं, दुसरं चिपला. मग चिपच्या आत प्रोग्राम कोणत्या ओळीवर आहे, कुठे अडला, कशामुळे पुन्हा सुरू झाला, हे सगळं पडद्यावर दिसतं. आत्तापर्यंत दीप्तीने साध्या वायरीवर भागवलं होतं. त्या वायरीने प्रोग्राम चिपमध्ये घालता यायचा, पण आत डोकावता येत नसे. हे सगळं तिने नानाजींना समजावलं. नानाजींनी ऐकलं आणि विचारलं, "किती प्रकारचे येते?"

हा प्रश्न विचारला गेला आणि दुपार संपली. दीप्तीचं म्हणणं, चिप ज्या कंपनीची, तिचाच ओरिजनल डीबगर घ्यावा. अपूर्वचं म्हणणं, घ्यायचाच तर जगातल्या सगळ्या चिपना चालणारा मोठा घ्यावा, म्हणजे पुढे प्रश्न नको. अभिजीत हा नानाजींचा मुलगा. तो कंपनीची जाहिरात पाहायचा. त्याने मोबाइलवर दोन्हींबद्दल लोकांची मतं मोठ्याने वाचून दाखवली. अमुक डबा उत्तम आहे असं एकजण म्हणत होता आणि तोच डबा भिकार आहे असं दुसरा म्हणत होता. शेवटी असं निघालं की दोन्ही डबे शनिवारनंतरच हातात पडतील.

"झालं तुमचं?" नानाजी उठले. "चाल वं दीप्ती. इतवारीच्या बाजारात सगळं भेटते."

नानाजींची खरेदी हा वेगळाच विषय आहे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होते. उमरेडला त्यांचे वडील लुगडी विणायचे. माग गेले, कुलर आले, पण नानाजींची खरेदी सुताचीच राहिली. वस्तू कोणतीही असो, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळायची, जरा ओढून पाहायची, आणि पसंत पडली की सगळाच्या सगळा लॉट उचलायचा. कारण लॉट बदलला की सुताचा रंग बदलतो, आणि अर्ध्या लुगड्यात रंग बदलला तर ते लुगडं कोणी नेसत नाही. स्क्रू, मोटारी, चहाचे कप, सगळं त्यांनी असंच घेतलं होतं. त्या कारखान्यात कप फुटला तरी कोणाला कळत नसे.

इतवारीत हातगाड्यांच्या मधून वाट काढत ते एका दुकानात पोहोचले. दुकानदाराच्या मागे भिंतभर चार्जर आणि वायरी लटकल्या होत्या. त्याने खालून एक खोकं ओढलं आणि चकचकीत निळा डबा काढून ठेवला. त्याच्यावर कंपनीचं नाव होतं, फक्त एक अक्षर कमी होतं.

"ओरिजनल आहे का?" दीप्तीने विचारलं.

"ओरिजनलच समजा," दुकानदार म्हणाला.

"समजू कशाले? आहे की नाही?"

"ताई, काम तेच करते. दिसते तसंच. अजून काय पाहिजे?"

नानाजींनी वायर चोळली. ओढली. डबा तळहातावर तोलला. "वायर मऊ आहे," ते पसंतीने म्हणाले. "वजनही बरं आहे. किती आहे तुह्याकडं?"

"नानाजी, एकच पाहिजे!" दीप्ती ओरडली.

"एक? अन् उद्या दुसरा लागला तर? त्याचा लॉट वेगळा निघाला तर?"

"डीबगरले लॉट नसते!"

"लॉट कशाले नसते वं? विदर्भाच्या उन्हालेही लॉट असते. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं." नानाजींनी दुकानदाराकडे वळून बोट उगारलं. "सगळं खोकं दे. पण भाव लॉटचा लावजो."

खोकं रिक्षात दीप्तीच्या मांडीवर होतं. रस्ताभर तिच्या डोक्यात बरंच काही चाललं होतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिला डबा जोडला. कॉम्प्युटरने त्याला ओळखलं, निळा दिवा लागला, आणि पडद्यावर एक खिडकी उघडली. डीबगरच्या आतलं सॉफ्टवेअर जुनं आहे, नवं घालू का? दीप्ती पाणी प्यायला उठली होती. अपूर्व शेजारीच उभा होता. सभ्य माणसाने 'हो' म्हणावं तसं त्याने 'हो' दाबलं.

निळा दिवा गेला तो गेलाच.

"काय केलं तू?" दीप्तीने ग्लास खाली ठेवला.

"अपडेट केलं. अपडेट नेहमी करावं."

"ओरिजनलले करावं! हा नकली आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर याच्यात घातलं की हा मरते!"

"मग जिवंत कर," अपूर्व शांतपणे म्हणाला. "तू सॉफ्टवेअरवाली आहेस."

आता गंमत अशी, की डीबगरच्या आतही एक चिपच असते, आणि मेलेल्या चिपमध्ये पुन्हा प्रोग्राम घालायला साधी वायर चालत नाही, डीबगरच लागतो. म्हणजे डीबगर दुरुस्त करायला डीबगर. दीप्तीने खोक्यातून दुसरा काढला, कॉम्प्युटरला लावला आणि पहिल्याला जोडायला वायरी शोधू लागली. तेवढ्यात अभिजीत चहा घेऊन आला. पडद्यावर खिडकी होती. त्याने आयुष्यात कधीच एखाद्या खिडकीला 'नाही' म्हटलं नव्हतं.

"अभिजीत, हात लावू नको!"

"लावला पण," अभिजीत म्हणाला.

दुसराही गेला. दोन मेलेले डबे टेबलावर शेजारी शेजारी पडले. नानाजींनी दारातून हे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलं? म्हणूनच लॉट घ्या लागते! तू एकच आणला असता तर आता काय केलं असतं?"

नानाजींचं बोलणं चुकीचं असलं तरी बरोबर होतं. तिने तिसरा डबा काढला, कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर उपटून आपल्या पर्समध्ये घातली आणि सगळ्यांना सांगितलं, "आता या टेबलाले कोणी हात लावला, तर मी थो हात जोडणार नाही, मोडणार आहे." अभिजीत चहा घेऊन मागे सरला.

तिसऱ्या डब्याने कामाला सुरुवात केली. निळा दिवा लुकलुकला, पडद्यावर तिच्या प्रोग्रामच्या ओळी उमटल्या. तिने डीबगर कुलरच्या कार्डाला जोडला आणि कुलर सुरू केला. पंखा फिरला. पंप सुरू झाला. आता बंद पडेल, आणि पडला की कारण दिसेल, म्हणून ती डोळे ताणून बसली.

कुलर बंद पडला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला, सुट्टीभर चालला, सुट्टीनंतरही चालला. दीप्तीच्या वहीची पानं फडफडत राहिली. गार हवेत बसून तिला घाम फुटला.

"झालं ना दुरुस्त?" अपूर्व म्हणाला. "म्हणजे सॉफ्टवेअरच होतं."

"मी प्रोग्रामले हातच नाही लावला!" तिने डीबगर काढला. कुलर बंद पडला. लावला. चालला. काढला. बंद. हे तिने इतक्या वेळा केलं की बाजूच्या पत्रे कापणाऱ्या माणसांनीही येऊन बघितलं.

नानाजींनी दोन वेळा पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "अरे, मंग अडचण काय आहे? प्रत्येक कुलरमध्ये एकेक टाकून देऊ! खोकंभर पडले आहे. एकाच लॉटचे!"

"नानाजी, हा तपासायचा डबा आहे. कुलरमध्ये ठेवायचा नाही."

"डॉक्टरच घरात राहाले तयार आहे तर तुले काय तकलीफ आहे वं?"

अभिजीतने तर जाहिरातही ठरवून टाकली. निळ्या दिव्याचा कुलर, आत खास यंत्र. दीप्तीने त्यांना बोलू दिलं आणि संध्याकाळपर्यंत एकेक वायर हाताखालून घातली. चार वायरींपैकी तीन निरोप नेणाऱ्या आणि अर्थिंगच्या. चौथी लाल. ओरिजनल डीबगरमध्ये ही लाल वायर कार्डाची वीज किती आहे एवढंच पाहते. इतवारीच्या डब्यात मात्र ती उलट कार्डालाच वीज देत होती. दीप्तीने बाकी तिन्ही तशाच ठेवून फक्त लाल वायर उपटली. पंप सुरू होताच कुलर बंद पडला आणि या वेळी पडद्यावर कारण आलं. वीज कमी पडली, म्हणून चिप पुन्हा सुरू झाली.

ती इतक्या जोरात "हो!" म्हणाली की अभिजीतचा मोबाइल हातातून निसटला.

"प्रोग्राम चांगला आहे," तिने सगळ्यांना सांगितलं. "पंप सुरू झाला की कार्डाची वीज खाली जाते. चिपले पुरत नाही. हा डबा बाहेरून कॉम्प्युटरची वीज देऊन राहिला, म्हणून चालून राहिला."

"शक्य नाही," अपूर्व म्हणाला. "वीज देणारा पार्ट मी पंपाचा हिशेब करूनच निवडला आहे. आणि पडद्यावरची ती ओळ तुझाच प्रोग्राम लिहितो."

"म्हणजे मी खोटं लिहून राहिली?"

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हण ना! म्हणून तर पाय!"

नानाजी दोघांच्या मध्ये उभे राहिले. "भांडू नका. उद्या शनिवार आहे. डबा आत राहीन, कुलर चालन, नत्थूजी आर्डर देईन. अन् दीप्ती, तू उद्या तोंड उघडू नको. मी सांगून ठेवतो, एक शब्द बोलायचा नाही."

शनिवारी नत्थूजी आले. अंगाने आडवे, कपडे पांढरे, आणि नजर अशी की विकणाऱ्याने आधी स्वतःचा माल तपासून घ्यावा. कुलर हॉलच्या मधोमध ठेवला होता. नानाजींनी बटण दाबलं. पंखा फिरला, पंप सुरू झाला, गवताच्या ताट्या भिजल्या, गार झोत थेट नत्थूजींच्या सदऱ्यावर आला. त्यांनी खुर्ची ओढली आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. नानाजी मनात आर्डर मोजू लागले. दीप्ती कॉम्प्युटरशेजारी ओठ घट्ट मिटून उभी होती.

"बरा आहे गा," नत्थूजी म्हणाले आणि वाकले. "पण ही मागून शेपटी काय लटकून राहिली?"

"ॲडव्हान्स फीचर आहे, काका," अभिजीत म्हणाला.

"काय करते थे?"

"थे... निळं दिसते."

नत्थूजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग नानाजींकडे पाहिलं आणि शेवटी दीप्तीकडे वळले. "प्रोग्राम तू बनवला म्हणे, बेटा. हे काढलं तर काय होते?"

नानाजींनी नत्थूजींच्या पाठीमागून दोन्ही हात हलवले. अभिजीतने चहाचं विचारलं. गप्प राहिली तर कुलर विकले जाणार, तिचा प्रोग्राम राहणार, फोनची खुर्ची टळणार. आणि मे महिन्यात कुठे कोणाच्या घरात, कॉम्प्युटरऐवजी चार्जरला लटकलेला तो डबा सैल झाला की कुलर थांबणार आणि सगळे पुन्हा तिच्याचकडे पाहणार. बोलली तर आर्डर जाणार. अशा दोन वाटांमध्ये शहाणा माणूस विचार करायला वेळ मागतो. दीप्तीला मात्र एवढंच आठवलं की तिला तोंड उघडू नको असं सांगितलं आहे, आणि ते आठवताच तिचा निर्णय झाला.

"मले बोलायची मनाई आहे, काका," ती म्हणाली. "म्हणून सांगत नाही. दाखवते."

आणि तिने लाल वायर उपटली.

पंखा थांबला. मग बिचारा पुन्हा उठला, फिरला, पंप लागताच पुन्हा थांबला. पुन्हा उठला. दीप्तीने वायर लावली, पंखा चालू लागला. काढली, थांबला. नत्थूजी खुर्ची पुढे ओढून हे असं पाहत होते, की कुलरपेक्षा हाच खेळ त्यांना जास्त आवडला असावा.

"पाहा, काका. प्रोग्राम दर वेळेस उठून उभा राहते. त्याले वीजच पुरेशी भेटून नाही राहिली."

"हे अशक्य आहे," अपूर्व म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज चढला होता. त्याने कुलरचं झाकण उघडलं, टॉर्च लावला आणि कार्डावर नाक टेकवलं. मग तो सावकाश सरळ झाला. "हा पार्ट माझा नाही."

"म्हणजे?"

"मी डिझाइन तपासलं होतं, कार्ड नाही. मी सांगितलेला पार्ट हा नव्हे. त्याच्या निम्म्या ताकदीचा आहे. पंपासोबत हा टिकणारच नाही. कोणी आणला हा?"

सगळ्यांनी नानाजींकडे पाहिलं. दीप्तीने तर अगदी पोटभर पाहिलं. नानाजी ताटीतून एक गवताची काडी काढून ती निरखत होते.

"दोघाईवर आकडे जवळपास सारखेच होते," ते शेवटी म्हणाले. "अन् ह्याच्या तारा हाताले बऱ्या लागल्या. लॉटही मोठा होता."

नत्थूजी हसायला लागले. हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि उठले. "नानाजी, तुह्यं सूत तू पाय गा. पण ह्या पोरीचा प्रोग्राम काढू नको. पंखा पडला तरी उठून राहिला, असं मी आपल्या पोराईतही पाहिलं नाही. पार्ट बदल. शेपटीबिगर चालला की मले फोन कर, त्याच दिवशी गाडी पाठवतो."

गाडी गेली आणि हॉलमध्ये फक्त ताट्यांतून पाणी ठिबकत राहिलं. अपूर्व दीप्तीजवळ आला, काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि सभ्यपणे "सॉरी" म्हणाला. तिने मान हलवली. तिला आणखी बरंच ऐकायला आवडलं असतं, पण तिने तेवढ्यावर सोडलं.

नानाजी खुर्चीत बसले. "दीप्ती."

"हो, नानाजी."

"थो ओरिजनल डीबगर असता, तर असं झालं असतं का?"

"ओरिजनल वीज देत नाही. कुलर पहिल्याच दिवशी बंद पडला असता अन् पडद्यावर एक ओळ आली असती."

"घरातल्या घरात?"

"घरातल्या घरात."

"नत्थूजीसमोर नाही?"

"नाही."

नानाजींनी मोठा श्वास सोडला. "मंग ओरिजनलच मागव. महाग असू दे. अन् हा चुगलखोर इकडं दे, फेकतो. गिऱ्हाइकासमोर मालकाचं सूत उसवते म्हणजे काय?" त्यांनी हात पुढे केला.

"नाही देत."

"काहून? इतके दिवस तूच ओरिजनल ओरिजनल करून राहिली होती ना?"

"ओरिजनलनं एक ओळ दाखवली असती, अन् तुम्ही सगळ्याईनं म्हटलं असतं, ओळ तुह्याच प्रोग्रामची आहे. ह्याच्यानं मी वायर काढली अन् सगळ्याईले दिसलं." दीप्तीने वायर नीट गुंडाळली. "मले हाच पाहिजे."

"अवं, पण मालक मी आहे ना?"

"मालक तुम्हीच आहे, नानाजी."

नानाजींचा हात तसाच पुढे राहिला. दीप्तीने डबा पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली आणि अपूर्वला म्हणाली, "चाल, तुझा खरा पार्ट कुठं भेटते थे दाखव. आजपासून खरेदीले मी जाते."